निळ्या टोपणाची नळी

९ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. इतके दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. फोन तू करू नकोस. तुझी ताई म्हणायची, फोनवर मी पोस्टाच्या पेटीसारखा असतो. टाकलेलं आत जातं, बाहेर काही येत नाही.

परवा तुमच्या संस्थेतून खोकं आलं. तिचा पांढरा कोट, कप, टाचा झिजलेल्या चपला, चष्म्याचं रिकामं घर. सोबत चिठ्ठी नाही. आणून देणाऱ्याने सही मागितली, मी दिली. एवढ्या वर्षांच्या नोकरीची ती पोच.

तू विचारतेस, घरच्या फ्रिजमध्ये तिच्या यीस्टच्या नळ्या अजून आहेत का. आहेत. दारातल्या कप्प्यात, लोण्याच्या डब्याशेजारी. एक लाल टोपणाची, एक निळ्या टोपणाची. लाल नळीतलं यीस्ट धडधाकट आहे. निळीतल्या यीस्टमधून तिने काहीतरी काढून टाकलं होतं. मी वजनकाट्यांची तपासणी करणारा माणूस, म्हणून तिने मला माझ्याच भाषेत सांगितलं होतं. दुकानातला काटा तपासून झाला की आम्ही तार ओवतो आणि तिच्या टोकाला शिशाचं सील दाबतो. सील शाबूत तोवर काटा चालवायचा. तुटलं की काटा बंद. ती म्हणायची, प्रत्येक पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना असंच सील असतं. एका पेशीच्या दोन होताना ते दर वेळी थोडं झिजतं, आणि पेशी ते भरून काढते. निळीतल्या पेशींना भरून काढता येत नाही. सुरुवातीला काही कळत नाही, दोन्ही नळ्या सारख्याच वाढतात. मग एक दिवस टोक उघडं पडतं, पेशीला वाटतं गुणसूत्रच तुटलं, आणि ती थांबते. फुगते, पण दोन होत नाही.

त्या निळ्या नळीला ती ‘माझी वकील’ म्हणायची. का, ते विचारायचं राहिलं. तिची थट्टा मला नेहमीच उशिरा कळायची.

नळ्या मी देणार नाही. तुमच्या विभागाच्या मोठ्या सरांना तर नाहीच. भर सभेत त्यांनी तिला काय ऐकवलं ते तुला माहीत आहे, तू तिथे बसली होतीस. तिने दाखवलं होतं की टोकं गेलेल्या पेशींपैकी बहुतेक थांबतात, पण एखादी दुसरीच वाट काढून वाचते. त्यावर सर म्हणाले, “बाई, तुमच्या हाताला पावाचं यीस्ट लागलेलं असतं. स्वयंपाकघरातून थेट प्रयोगशाळेत येता. हात धुऊन येत जा.” लोक हसले. ती घरी आली आणि हात धूत बसली. मला वाटलं, काहीतरी सांडलं असेल.

तेव्हा तिच्या पोटात दुखायला लागलं होतं. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायची, आधी हे पुन्हा करून दाखवते. ते पुरं व्हायच्या आत ती गेली. आणि शोकसभेत तेच सर म्हणाले की बाई कष्टाळू होत्या, फक्त जरा घाई करायच्या.

मला त्या माणसाचं नाक खाली झालेलं बघायचं आहे. दुसरं काही नको.

तुझा,
भावोजी

*

१५ मार्च

भावोजी,

पत्र दोनदा वाचलं. तुम्ही एवढं लांब लिहू शकता हे ताईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, हे कुणाकडून तरी लिहून घेतलंय.

मी तिथे बसले होते, खरं आहे. मी हसले नाही एवढंच सांगते. सख्खी मावसबहीण असून गप्प बसले, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण वाचता आलं.

तरीही नळी मागतेच. नीट ऐका. पुढच्या महिन्यात आमच्या नव्या इमारतीचं उद्घाटन आहे. बाहेरगावचे पाहुणे येणार, आणि मोठे सर त्यांच्यासमोर एक प्रयोग मांडणार. काचेच्या कपाटात नळ्यांच्या दोन रांगा. एका रांगेत धडधाकट यीस्ट, दुसरीत टोकांचं सील भरून न काढू शकणारं. रोज प्रत्येक नळीतला थेंबभर द्रव ताज्या खाद्यात टाकायचा. धडधाकट रांग रोज दुधासारखी गढूळ होणार. दुसरी हळूहळू मंदावणार आणि पाहुण्यांच्या दिवशी स्वच्छ पाण्यासारखी राहणार, म्हणजे वाढ बंद. मग सर काठीने दाखवून आपलं ब्रीदवाक्य म्हणणार: “एकही वाचत नाही.” वर हेही दाखवणार की अशा पेशी उपाशी ठेवल्या तर त्यांना धड बीजाणूसुद्धा धरता येत नाहीत. धडधाकट यीस्ट वाईट दिवसांसाठी बीजाणू होऊन पडून राहतं. यांची वाढ आणि घडण दोन्ही अर्ध्यावर अडकतात.

बिघडलेलं यीस्ट सरांकडे आहे. त्याचं धडधाकट जुळं ताईने बनवलं होतं, ते संस्थेचा फ्रीझर बंद पडला तेव्हा गेलं. आता ते फक्त तुमच्या लोण्याशेजारी आहे.

सरांसाठी देऊ नका. मी मागते म्हणून द्या. मला ते का हवंय ते आत्ता सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही नको म्हणाल, तुम्हाला कुणी काही केलेलं आवडत नाही. झाल्यावर कळेलच.

जेवता ना? अंडी आणि पाव याला जेवण म्हणत नाहीत.

भिंगरी

*

२१ मार्च

भिंगरी,

लाल टोपणाची नळी सोबत पाठवली आहे. कापसात गुंडाळली आहे. टोपण मी स्वतः बसवलं आहे, प्रवासात निघणार नाही.

तू म्हणालीस तसं तुझ्याकडे बघून दिली. तू तिथली आहेस आणि तुला तिथे राहायचं आहे, हे मला समजतं. घर फिरलं की वासे फिरतात, त्यात वाशांचा दोष नसतो.

परवा बाजारात एका किराणा दुकानात काटा तपासला. सील जागच्या जागी होतं. तार बरोबर, शिसं बरोबर, आमच्याच खात्याचा ठसा. आतली स्प्रिंग मात्र दुसरी घातलेली. बाहेरून बघणाऱ्याला काही कळू नये इतकं सफाईदार काम. दुकानदाराला दंड केला. परत येताना मी त्याच्या हाताचं कौतुक करत होतो. असलं काम करायला हात स्थिर लागतो.

कार्यक्रम कधी आहे ते कळव. यायचं नाही, फक्त कळव.

भावोजी

*

२ एप्रिल

भावोजी,

वाशांचं वाक्य झोंबलं. पण नळी दिलीत, म्हणून सोडून देते.

यीस्ट काय सुरेख वाढतंय! पहिल्याच दिवशी नळ्या अशा गढूळ झाल्या की पलीकडचं बोट दिसेना. मोठे सर स्वतः येऊन नळी उजेडात धरून म्हणाले, “बाईंचा हात चांगला होता.” मी म्हटलं, “धुतलेला होता, सर.” त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मोठ्या लोकांचे कान गरजेप्रमाणे चालतात.

आता सांगते मी हे का मागितलं ते. सर म्हणत होते, यीस्ट कुणाचं ते लिहायची गरज नाही. मी म्हटलं, मग मी हे काम करणार नाही, दुसऱ्या कुणाला द्या. दुसऱ्या कुणाला ते जमत नाही. दोन दिवस धुसफुस झाली, शेवटी मान्य झालं. धडधाकट रांगेखाली पितळेची पाटी लावली आहे. तिच्यावर ताईचं पूर्ण नाव, आणि खाली ‘यांनी घडवलेले यीस्ट’. अक्षरं कोरलेली आहेत, पुसता येणार नाहीत. सरांचं नाव कागदावर छापलंय, ताईचं पितळेवर!

उद्घाटन सोळा तारखेला आहे. तुम्ही याच. मागे उभे राहा, कुणाशी बोलू नका, पण पाटी बघून जा.

भिंगरी

*

६ एप्रिल

भिंगरी,

पाटी काढ.

कारण विचारू नकोस. आजच काढ. सरांना सांग की तिच्या घरच्यांची हरकत आहे. नवऱ्याला तिचं नाव तिथे नको आहे, तो विचित्र माणूस आहे, काहीही सांग. रांग राहू दे, पाटी काढ.

जलद टपालाने पाठवतो आहे. संस्थेत दोनदा फोन केला. तुझ्या विभागातला माणूस म्हणाला, त्या कपाटाजवळ आहेत, बोलवता येणार नाही. तुझ्या घरचा फोन लागत नाही.

भावोजी

*

१८ एप्रिल

भावोजी,

तुमचं पत्र सोळाला संध्याकाळी मिळालं. उद्घाटनाच्या धावपळीत टपाल खालीच पडून होतं, आणि मी तर जवळजवळ संस्थेतच राहत होते. तुम्ही आला नाहीत ते बरं झालं. कसं झालं ते सांगते.

दहा तारखेपासूनच ताईच्या रांगेतल्या नळ्या उशिरा गढूळ व्हायला लागल्या. मला वाटलं, खाद्य बिघडलं. नवीन खाद्य केलं. मग वाटलं, कपाटातली ऊब कमी पडतेय. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. फुगलेल्या, एकट्या, न दुभंगलेल्या. सरांच्या रांगेत दिसतात अगदी तशाच. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, “तुझे हात थरथरतात. झोप काढ.”

सोळाला पाहुणे आले. सरांनी पडदा ओढला. डावी रांग स्वच्छ पाणी, उजवी रांगही स्वच्छ पाणी. दोन्ही बंद. मागून कुणीतरी म्हणालं, “यातलं धडधाकट कोणतं?” आणि हशा पिकला. सरांचा चेहरा बघून तुम्हाला बरं वाटलं असतं. मलाही वाटलं, क्षणभर.

मग त्यांनी काठी उचलली आणि पाटीवर टेकवली. बरोबर ताईच्या नावावर. म्हणाले, “हे ज्यांनी घडवलं त्या बाई आता नाहीत, म्हणून जास्त बोलत नाही. पण ही त्यांची सवयच होती. आम्ही पोटात घालत आलो.” पुन्हा हशा. या वेळी सहानुभूतीचा.

पाहुणे गेल्यावर त्यांनी कपाटाला स्वतःचं कुलूप घातलं, दारावर कागदाची पट्टी चिकटवून सही केली. मी यीस्ट बिघडवलं असं त्यांचं म्हणणं आहे. चौकशी बसणार आहे, आणि तोवर मी पुरावे नष्ट करू नयेत म्हणून हे कुलूप. त्यानंतर ते दौऱ्यावर निघून गेले. मी प्रयोगशाळेत पाय ठेवायचा नाही.

माझं जाऊ द्या. मी कुठेही नळ्या धुवून पोट भरेन. पण भावोजी, तुम्ही सहा तारखेला पाटी काढ असं लिहिलंत. तेव्हा नळ्या दुधासारख्या होत्या. तुम्हाला आधी कसं कळलं?

भिंगरी

*

२१ एप्रिल

भिंगरी,

लाल टोपणाखाली निळी नळी होती.

मी टोपणं बदलली. ओट्याजवळ उभा राहून, तिच्याच चिमट्याने. तिने सांगितलं होतं की सुरुवातीला दोन्ही सारख्याच वाढतात, म्हणून मला माहीत होतं की कुणाच्या लक्षात येणार नाही. मला तो माणूस पाहुण्यांसमोर तोंडघशी पडलेला हवा होता. लोक तिला जसे हसले तसेच त्यालाही हसायला हवे होते. तू तिथे आहेस, तुझ्यावर येईल, हे मनात आलं होतं. मी ते बाजूला ठेवलं. मला वाटत होतं तूही त्यांच्यातलीच झालीस. खोटं लिहून काय उपयोग.

पाटीचं मला माहीत नव्हतं. तुझं पत्र वाचलं आणि लगेच संस्थेत फोन लावला. मी त्या माणसाच्या हातात काठी दिली आणि तिचं नाव समोर धरलं. खड्डा त्याच्यासाठी खणला आणि तिला आत ढकललं. तेही ती गेल्यावर.

त्याच्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. तो पडला याचा आनंद आजही आहे. फक्त तो तिच्यावर पडला.

हे पत्र चौकशीत दाखव. तुला हवं तसं वापर. काट्यांचा निरीक्षक सीलमध्ये फेरफार करतो हे माझ्या खात्याला कळलं तर नोकरीवर येईल, पण त्याचा विचार तू करू नकोस. माझ्याशी पुन्हा बोलली नाहीस तरी समजेन.

भावोजी

*

२९ एप्रिल

भावोजी,

चार दिवस तुमच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. चार दिवस झाले.

मी रागावले आहे. वासा म्हणालात, तेवढ्यावर थांबला असतात तर चाललं असतं. ताई असती तर तुम्हाला तिने ओट्यावर बसवून दोन्ही टोपणांवर निबंध लिहायला लावला असता. हे एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढचं सांगता येईल. पुढचं असं आहे की मला हसू येतंय आणि रडूही.

काल चौकशी झाली. सर दौऱ्यावरून परतले होते. संचालकांनी बाहेरच्या संस्थेतून एक म्हाताऱ्या बाई बोलावल्या होत्या. कमरेत वाकलेल्या, पिशवीत स्वतःचं भिंग. त्या आल्या आणि आधी कपाटाची पट्टी बघितली. “सही कुणाची?” सर म्हणाले, “माझी.” “कुलूप?” “माझंच. किल्ली माझ्याकडून हलली नाही.” “छान,” बाई म्हणाल्या, “काळजी घेतलीत.”

सरांनी कुलूप काढलं.

डावी रांग रिकामी होती. सरांची बिघडलेली रांग त्यांच्या नियमाप्रमाणे उद्घाटनानंतर लगेच उकळून टाकली होती. आमच्याकडे तसंच चालतं: एका रात्रीत गढूळ न होणारी नळी दुसऱ्या दिवशी फेकायची. फक्त ताई फेकत नसे. ती मेलेल्या नळ्या कोपऱ्यात ठेवून द्यायची आणि म्हणायची, “पाणी स्वच्छ आहे म्हणजे जेवण शिल्लक आहे. कुणी जेवायला येतं का बघू.” आणि ताईची रांग सरांनी स्वतः कुलपात ठेवली होती. रागाच्या भरात. एवढे दिवस.

भावोजी, उजव्या रांगेतल्या बऱ्याचशा नळ्या गढूळ झाल्या होत्या. आणि दुधासारख्या नव्हे. गुलाबी.

सर लगेच म्हणाले, “बाहेरचं यीस्ट शिरलं! मी म्हणत नव्हतो?” म्हाताऱ्या बाईंनी भिंग पुसलं आणि विचारलं, “कुठून शिरलं? कुलूप तुमचं, सही तुमची.” शिरलं म्हणावं तर कुलूप खोटं. नाही म्हणावं तर ही नळीतलीच प्रजा, थांबली आणि पुन्हा उठली. म्हणजे ताईचं खरं.

आता गुलाबीचं ऐका. त्या सभेनंतर ताईने माझ्याकडे यीस्टची एक जात मागितली होती. ती खाद्य संपत आलं की गुलाबी होते. रोज ताज्या खाद्यात टाकलं तर साधी दिसते, तशीच पडू दिली तर रंग येतो. मी विचारलं, ही कशाला? ती म्हणाली, “स्वयंपाकघरात गुलाबी यीस्ट सापडतं का गं?” मी नाही म्हटलं. ती म्हणाली, “मग झालं.” मला तेव्हा कळलं नाही. तुमच्यासारखी मलाही तिची थट्टा उशिराच कळते.

तिने त्या गुलाबी जातीतून सील भरून काढायची ताकद काढून टाकली आणि नळीला निळं टोपण लावलं. पुन्हा करून दाखवते म्हणत होती ना, ते हेच. यातून जे वाचेल ते गुलाबी असेल, म्हणजे पावाला लागलेलं नव्हे, माझ्या हाताचं नव्हे. म्हणून ती ‘माझी वकील’. तिची वकील तुमच्या फ्रिजमध्ये लोण्याशेजारी बसली होती आणि तुम्ही तिला खोट्या नावाने कोर्टात पाठवलंत.

तुमचं पत्र माझ्या पिशवीत होतं. मी ते काढलं नाही. ते तुमचं आहे. म्हाताऱ्या बाई नळ्या आपल्याकडे घेऊन गेल्या आहेत. पण सर म्हणतात, नळीत मुळात काय होतं ते कुणाला ठाऊक? ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही सांगितलंत तर ताईचं सिद्ध होतं. नाही तर तो एक रंगीत गोंधळ.

तुम्ही ठरवा. मी मागणार नाही. मागच्या वेळी मागितलं त्याचं काय झालं ते बघितलंत.

भिंगरी

*

२ मे

भिंगरी,

म्हाताऱ्या बाईंना आजच निवेदन पाठवलं. कोणत्या टोपणाखाली काय होतं, मी काय बदललं, कशासाठी बदललं. ‘कशासाठी’च्या पुढे मी ‘सूड’ असा एकच शब्द लिहिला आहे. जास्त लिहिलं की ते माफी मागितल्यासारखं वाटायला लागतं. माफी मला फक्त तुझी मागायची आहे. ती समोर येऊन मागेन, कागदावर नाही.

निवेदनाची एक प्रत माझ्या खात्यातही दिली. वरिष्ठ म्हणाले, “अरे, हा तर यीस्टचा मामला, आपल्याला कशाला?” मी म्हटलं, सील ते सील. त्यांनी माझा शिसं दाबायचा चिमटा काढून घेतला आणि मला वजनांच्या गोदामात बसवलं. तिथे शांत आहे. वजनं बोलत नाहीत, आमचं जमेल.

खऱ्या लाल नळीला आता निळं टोपण आहे. ते बदलायचं धाडस होत नाही. तू येशील तेव्हा घेऊन जा. ती तुझी.

भावोजी

*

११ जून

भावोजी,

तुमच्याकडून निघताना रडले, ते अंड्यांमुळे. इतकी करपलेली अंडी मी कधी खाल्ली नव्हती.

निकाल आला. म्हाताऱ्या बाईंनी त्या गुलाबी पेशींची गुणसूत्रं तपासली. सील भरून काढायची ताकद नाही, जशी ताईने काढली होती तशीच. आणि तरी टोकं लांब आहेत, वेडीवाकडी. त्या पेशींनी एकमेकांच्या टोकांची नक्कल करून आपली टोकं वाढवून घेतली आहेत. फार थोड्या वाचल्या. पण त्या मागे उरलेल्या सगळ्या जेवणावर वाढल्या आणि नळी भरून टाकली. ताईच्या जुन्या कागदांत तिने हेच म्हटलं होतं.

मोठे सर बैठकीत काय म्हणाले सांगू? “मला पूर्वीपासूनच तशी शंका होती.” पडलो तरी नाक वर! म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, “मग सभेत सांगितलं का नाहीत? बरं, आता सांगा.” आणि ज्या सभागृहात ताईला हसले होते तिथे, त्याच लोकांसमोर, संचालकांनी सरांना निकाल वाचायला लावला. संपूर्ण. ताईच्या पूर्ण नावासकट. मी शेवटच्या रांगेत उभी राहून मोजत होते. नाव सात वेळा येतं. तिसऱ्या वेळी त्यांनी कागद खाली ठेवला. पाणी मागितलं. कुणी उठलं नाही. मीही नाही. याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही, वाटायला हवं का?

पाटी पुन्हा लावली. या वेळी गुलाबी नळ्यांखाली.

माझी चौकशी मिटली, पण मी तिथे राहणार नाही. म्हाताऱ्या बाईंकडे काम मिळालंय. लाल नळी, म्हणजे निळ्या टोपणाची लाल नळी, माझ्यासोबत आहे. त्यांच्याकडे कुठलीही नळी घाईने फेकत नाहीत. कोपरे भरलेले आहेत.

भिंगरी

*

३० जून

माननीय निरीक्षक साहेब,

आपल्या दिवंगत पत्नीच्या संशोधनाचा योग्य तो गौरव झाला याचे मला समाधान आहे. त्यांना मार्गदर्शन करण्याची संधी मला लाभली होती.

सदर काम प्रसिद्ध करण्यासाठी तुलना म्हणून मूळ धडधाकट यीस्ट अत्यावश्यक आहे. ते आपल्याकडे असल्याचे आपल्या निवेदनावरून कळते. झाले गेले विसरून, विज्ञानाच्या हितासाठी, ती नळी आमच्याकडे पाठवावी ही विनंती. योग्य ठिकाणी आपल्या सहकार्याचा उल्लेख करू.

आपला,
विभागप्रमुख

*

४ जुलै

मोठे सर,

नमस्कार लिहितो आहे, तो रिवाज म्हणून.

नळी माझ्याकडे नाही. ती माझ्या मेहुणीकडे आहे. तुम्ही तिला ओळखता, तिचे हात थरथरतात म्हणून तुम्ही तिला झोप काढायला सांगितलं होतं. ती आता कुणाच्या हाताखाली काम करते हेही तुम्हाला माहीत असेल. नळी हवी असेल तर तिच्याकडे मागा. स्वतः जाऊन मागा, पत्राला ती उत्तर देत नाही. देईल की नाही मला माहीत नाही. ते तिने ठरवायचं.

दिलीच, तर एक लक्षात ठेवा. ती नळी पुष्कळ दिवस आमच्या स्वयंपाकघरात होती. लोण्याशेजारी.

हात लावण्यापूर्वी हात धुऊन घ्या.

तिचा नवरा